मोपा ते दिब्रुगड: अंतर आणि उड्डाणाचा वेळ (नववीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी)

२४ जून २०२४, सोमवार

आज अक्षांश-रेखांश शिकवत होते. तास संपता संपता दुसऱ्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "टीचर, दिब्रुगड इथून किती लांब?" तिचे वडील लष्करात आहेत, सध्या आसामात दिब्रुगडजवळ. गणेश चवथीला घरी येणार आहेत. वर्गातून लगेच उत्तरे आली. एक म्हणाला तीन दिवस, एक म्हणाला दोन हजार किलोमीटर. तिसऱ्याने नकाशाजवळ जाऊन दोन विती मोजून दाखवल्या. तिन्ही उत्तरे मला आवडली, कारण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या होत्या.

विज्ञान प्रदर्शनासाठी हाच विषय घ्यायचा असे वर्गातच ठरले. उत्तर गोव्यातल्या आमच्या पेडण्याच्या मुलांना विमानतळ काही नवा नाही, मोपाच्या सड्यावरून उठलेले विमान शाळेच्या पटांगणातून दिसते. पण ते कुठे जाते आणि किती वेळात पोचते, याचा हिशेब कोणी मांडला नव्हता. नियम एकच ठेवला आहे: वहीत जाईल तो आकडा आपण काढलेला. मोबाइलमध्ये बघायचे ते शेवटी, पडताळणीपुरते.

२७ जून

पहिली अडचण गोव्यातच निघाली. 'गोवा' म्हणजे नक्की कुठला विमानतळ? एका गटाने दाभोळी धरले, दुसऱ्याने मोपा. तिकिटावर दाभोळीचे अक्षर-चिन्ह 'जीओआय', मोपाचे 'जीओएक्स'. एका अक्षराचा फरक, पण चुकले तर माणूस मांडवी-झुवारीच्या पलीकडे उतरतो. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेले पाहुणे असेच दाभोळीला उतरले आणि आम्ही मोपाला उभे.

दाभोळीची धावपट्टी पोर्तुगीजांनी १९५० च्या दशकात बांधली. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय हवाई दलाने तिच्यावर बाँब टाकले. मुक्तीनंतर ती नौदलाकडे गेली आणि आजही तो नौदलाचाच तळ आहे. मोपाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने सुटू लागली. आम्ही मोपा धरले. मुलीचे वडील तिथेच उतरणार आहेत.

वहीतले आकडे:
मोपा: १५.७४४ उत्तर, ७३.८६१ पूर्व
दाभोळी: १५.३८१ उत्तर, ७३.८३१ पूर्व
दिब्रुगड (मोहनबारी): २७.४८४ उत्तर, ९५.०१७ पूर्व

मोहनबारीबद्दल मुलांना मुद्दाम सांगितले. दुसऱ्या महायुद्धात आसामातल्या ज्या धावपट्ट्यांवरून पूर्व हिमालय ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला सामान जाई, त्यांतली ही एक. वैमानिक त्या वाटेला 'हंप' म्हणत, म्हणजे कुबड. त्यावर बराच वेळ गेला. तास संपल्यावरही तीन मुले नकाशापाशीच उभी होती.

१ जुलै

पृथ्वीचा गोल आणि दोरा. आमचा गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर आणि गोलाची १५ सेंटिमीटर, म्हणजे १ सेंटिमीटर = सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा मोपावर धरला, दिब्रुगडपर्यंत ताणला, खुणा केल्या आणि पट्टीवर मोजला: ६.२ सेंटिमीटर. उत्तर २६३५ किलोमीटर.

दोरा जाड होता आणि बोटाखालून सरकतही होता. पण यातून एक गोष्ट हाती लागली. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने मारलेली सरळ रेषा आणि गोलावर ताणलेला दोरा एकाच गावांवरून जात नाहीत. दोरा उत्तरेला फुगतो. मुलांना आधी वाटले, दोरा वाकडा धरला गेला. पुन्हा धरला, पुन्हा तसेच. मग मीच सांगितले: ताणलेला दोरा खोटे बोलत नाही, कागद बोलतो. गोलावरच्या या सर्वांत आखूड वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. पुढे हिशेब करून पाहिले, तर वाटेच्या मध्यावर ती नकाशावरच्या रेषेपेक्षा साठ-पासष्ट किलोमीटर उत्तरेला निघाली.

४ जुलै

आज चुकीचे उत्तर आले आणि त्यातूनच सगळ्यांत जास्त शिकायला मिळाले.

एका गटाने पायथागोरस लावला. अक्षांशांतला फरक ११.७४ अंश, रेखांशांतला २१.१६ अंश. एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून दोन्ही फरकांना त्यानेच गुणले, वर्ग केले, बेरीज केली, वर्गमूळ काढले. उत्तर २६९० किलोमीटर. पायऱ्या सगळ्या बरोबर, उत्तर मात्र दीडशे किलोमीटरनी जास्त.

फळ्यावर संत्रे काढले, फोडींसकट. रेखांश हे फोडींच्या कडांसारखे, मध्यावर फाकलेले आणि टोकाला एकत्र आलेले. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा असला तरी मोपाच्या अक्षांशावर तो १०७ चा आणि दिब्रुगडच्या अक्षांशावर साडेअठ्ठ्याण्णवचा. म्हणून पूर्व-पश्चिम फरकाला सरासरी अक्षांशाच्या कोज्येने (कोसाइनने) गुणायला हवे. तसे केल्यावर उत्तर २५४७ वर आले.

ज्याने आधी चूक केली होती, तोच मुलगा हे दुसऱ्या गटाला समजावत होता. "तिथे अंश बारीक आहे," असे तो म्हणाला. पुस्तकातल्या वाक्यापेक्षा हे बरे. वहीत त्याच्याच शब्दांत लिहायला सांगितले.

१० जुलै

पाऊस धो धो. सकाळी वीज नव्हती, संगणकाची खोली साडेअकराला उघडली.

गोलावरचे अंतर काढण्याचे सूत्र स्प्रेडशीटमध्ये घातले. पहिले उत्तर तेरा हजार किलोमीटरच्या वर. मुंबईहून न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर आहे, आणि आमचे दिब्रुगड त्याच्याही पलीकडे! वर्ग हसला. चूक शोधायला पूर्ण तास गेला. स्प्रेडशीटला ज्या (साइन) आणि कोज्या काढायला कोन रेडियनमध्ये लागतो, आम्ही अंश दिले होते.

दुरुस्तीनंतरच्या पायऱ्या: अक्षांश-फरकाच्या निम्म्याच्या ज्येचा वर्ग ०.०१०४६. रेखांश-फरकाच्या निम्म्याच्या ज्येचा वर्ग, गुणिले दोन्ही ठिकाणच्या अक्षांशांच्या कोज्या: ०.०२८७८. बेरीज ०.०३९२. तिचे वर्गमूळ ०.१९८. ही ज्या असलेला कोन दुप्पट केला की ०.३९८८ रेडियन. गुणिले ६३७१.

मोपा ते दिब्रुगड: २५४१ किलोमीटर, म्हणजे १३७२ सागरी मैल.
दाभोळी ते दिब्रुगड: २५६६ किलोमीटर.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांशी थोडी चपटी आहे, त्यामुळे अशा हिशेबात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो. आमच्या कामाला एवढे पुरे. दोऱ्याचे २६३५, दुरुस्त पायथागोरसचे २५४७ आणि गोलाचे २५४१ हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले, खोडाखोड न करता. प्रदर्शनात तिन्ही राहतील.

१६ जुलै

या २५४१ किलोमीटरच्या खाली काय काय येते? दर दोन-तीन रेखांशांवर वाटेचा अक्षांश काढला आणि नकाशावर टिंबे जोडली. मोपाहून निघताना दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे साडेपंचावन्न अंश, दिब्रुगडला पोचताना साडेत्रेसष्ट. सरळ जाऊनही होकायंत्रावरचा आकडा आठ अंशांनी बदलतो. हे मुलांना पटायला वेळ लागला, मलाही पहिल्यांदा लागला होता.

वाट अशी: बेळगावच्या उत्तरेने, विजयपूरच्या जवळून, तेलंगणाच्या उत्तर भागावरून, छत्तीसगडात धमतरीजवळून, रांची आणि जमशेदपूर यांच्या मधून, आसनसोल, मुर्शिदाबाद. आणि मग बांगलादेश. राजशाहीच्या बाजूने शिरून शेरपूरच्या बाजूने बाहेर, पुढे मेघालयातले गारो आणि खासी डोंगर, गुवाहाटीच्या किंचित दक्षिणेने दिब्रुगड.

देशातल्या देशात जाणारी सर्वांत आखूड वाट दुसऱ्या देशावरून जाते! त्या मुलीने विचारले, "मग बाबांचे विमान बांगलादेशावरून येते?" दुसऱ्याच्या आकाशातून जायचे तर परवानगी लागते आणि शुल्कही द्यावे लागते. न जायचे तर सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून वळसा. ती वाट तिथल्या बागडोगरा विमानतळावरून मोजली: १९२८ अधिक ६६८, एकूण २५९६ किलोमीटर. वळसा फक्त ५५ किलोमीटरचा, विमानाला चार मिनिटांचा. नकाशावर मात्र तो भलता मोठा दिसतो. मुलांनी पैज लावली होती की निदान तीनशे किलोमीटर वाढतील.

२२ जुलै

अंतर झाले, आता वेळ. एका मुलाचे वडील विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर आहेत. त्यांना वर्गात बोलावले. ते वीसच मिनिटे बोलले, पण त्यामुळे आमचा प्रकल्पच बदलला.

त्यांचे म्हणणे असे. वेळापत्रकात छापतात तो उडण्याचा वेळ नव्हेच. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान मागे ढकलले की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या गावी चाकांपुढे ठोकळे लावले की थांबते. त्याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतचे सरपटणे आले, रांग आली, उतरल्यावरचे सरपटणे आले. "विमान आकाशात वेळ घालवत नाही, जमिनीवर घालवते," असे ते म्हणाले. मोठ्या विमानतळावर रांग लांब म्हणून छापील वेळही सैल ठेवतात.

त्यावर आम्ही आमचा अंदाज बेतला. ए-३२० जातीचे विमान उंचीवर स्थिर झाले की ताशी सुमारे ८३० किलोमीटर जाते. २५४१ भागिले ८३० म्हणजे ३ तास ४ मिनिटे. चढताना-उतरताना वेग कमी असतो त्याची १० मिनिटे, जमिनीवरची २० मिनिटे. मोपा-दिब्रुगड थेट विमान असेल तर ब्लॉक टाइम ३ तास ३४ मिनिटे. पंख्यांच्या एटीआर विमानाचाही हिशेब कोणीतरी करून आणला: ताशी ५१० ने जवळजवळ ५ तास. पण एवढे अंतर ते एका दमात जाऊच शकत नाही, भरल्या विमानाचा पल्ला सुमारे दीड हजार किलोमीटरचा.

२ ऑगस्ट

वारा. पुस्तकात आहे की हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, जेट प्रवाह. त्यावरून मुलांनी लिहिले: दिब्रुगडला जाताना वेळ कमी, येताना जास्त. ताशी ६० किलोमीटरचा वारा धरून जाताना २ तास ५१ मिनिटे, येताना ३ तास १८ मिनिटे (फक्त स्थिर वेगाचा भाग). एका मुलीने दोन्हींची बेरीज केली: ६ तास ९ मिनिटे. वारा नसता तर ६ तास ७ मिनिटे. "टीचर, जाताना मिळालेले येताना फिटत नाही." खरेच फिटत नाही. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून नुकसान नेहमी थोडे जास्तच. हे तिने स्वतः शोधले.

पण मला मुख्य गोष्ट पुढची वाटली. आपण जानेवारीतला वारा घेतला आणि वडील येणार सप्टेंबरात. पावसाळ्यात उन्हाने तापलेल्या तिबेटच्या पठारामुळे वरच्या हवेचे सगळे चित्र उलटते. द्वीपकल्पावर उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा सुरू होतो, पूर्वीय जेट. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी तो जगापुढे मांडला. त्याचा गाभा प्रवासी विमानांच्या वर, चौदा-पंधरा किलोमीटरवर असतो, पण विमानांच्या उंचीवरही वारा पूर्वेचाच. खाली खिडकीतून आत येणारा पाऊस नैर्ऋत्येचा आणि वर बरोबर उलटा! मुले खिडकीकडे बघत राहिली.

म्हणजे चवथीला घरी येणाऱ्या माणसाला वारा पाठीमागून मिळणार. जुना अंदाज खोडला नाही, त्याच्यापुढे 'हिवाळा' असे लिहिले.

९ ऑगस्ट

तिकीट आले. वडील कोलकात्यात विमान बदलून येणार. मुलगी थोडी हिरमुसली, "म्हणजे लांबून." मोजून पाहिले.

दिब्रुगड–कोलकाता ८५२, कोलकाता–मोपा १७१२. बेरीज २५६४. थेट वाटेपेक्षा केवळ २३ किलोमीटर जास्त! कोलकाता जवळजवळ वाटेवरच आहे. दिल्लीमार्गे आले असते तर १७६१ अधिक १४६४, म्हणजे ३२२५ किलोमीटर.

अंतर २३ किलोमीटरनी वाढले, वेळ मात्र चार तासांनी. तिकिटावर दिब्रुगडहून ११.०५ ला सुटून कोलकाता १२.४५, तिथून ३.५० ला सुटून मोपा ६.४०. एकूण ७ तास ३५ मिनिटे, त्यातले ३ तास ५ मिनिटे कोलकात्याच्या बाकावर. हे समोर आल्यावर वर्ग बराच वेळ गप्प होता.

१४ ऑगस्ट

थोडे विषयांतर, पण वहीत राहू दे. मुलगी सांगते, संध्याकाळी ती वडिलांशी व्हिडिओवर बोलते तेव्हा त्यांच्याकडे अंधार असतो आणि आमच्याकडे पोरे अजून फुटबॉल खेळत असतात. दोन्हीकडचे घड्याळ एकच. रेखांशांचा फरक २१.१६ अंश, एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे सूर्य तिथे सुमारे १ तास २५ मिनिटे आधी. आपले प्रमाण घड्याळ साडेब्याऐंशी अंशांवरचे, दोघांनाही थोडे परकेच. आसामातल्या चहाच्या मळ्यांनी यावर आपला तोडगा काढला आहे: 'बागान टाइम', घड्याळ एक तास पुढे. वडिलांनीही फोनवर याला दुजोरा दिला, मळ्यातली माणसे त्यांना हीच वेळ सांगतात.

२९ ऑगस्ट

अंदाज फळ्यावर लिहून सगळ्यांनी वहीत उतरवला. हवेतला वेळ, म्हणजे चाके सुटण्यापासून टेकण्यापर्यंतचा: दिब्रुगड–कोलकाता १ तास १२ मिनिटे. कोलकाता–मोपा वारा नसल्यास २ तास १४ मिनिटे, पाठीमागून वारा असल्यास त्याहून कमी. वडिलांना फोनवर चार वेळा टिपायला सांगितले: ठोकळे, चाके सुटली, चाके टेकली, ठोकळे. ते म्हणाले, "टीचर, खिडकीची जागा घेतो."

५ सप्टेंबर, गुरुवार

काल संध्याकाळी ते उतरले. आज सकाळी मुलगी बोर्डिंग पासाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेले आकडे घेऊन आली, सोबत वर्गासाठी चहापत्तीचे पुडके. अक्षर सुबक, मिनिटासकट.

दिब्रुगड: मागे ढकलले ११.०५, चाके सुटली ११.१२, टेकली १२.२४, ठोकळे १२.३२.
कोलकाता: ४.०२, ४.१९, ६.२७, ६.३३.

पहिला टप्पा हवेत १ तास १२ मिनिटे. अंदाजाबरहुकूम, मिनिटाचाही फरक नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या. इतके जुळले त्यात योगायोगाचाही हात आहे, हे मी सांगितले, कारण विमान आमच्या रेषेवरून तंतोतंत गेले नसणार. पण टाळ्या थांबवल्या नाहीत.

दुसरा टप्पा २ तास ८ मिनिटे, वाऱ्याविनाच्या अंदाजापेक्षा ६ मिनिटांनी कमी. चढ-उताराची १० मिनिटे वजा केली तर १७१२ किलोमीटर ११८ मिनिटांत, म्हणजे ताशी ८७०. वाऱ्याने पाठीमागून ताशी ४० किलोमीटर दिले. कोलकात्याहून विमान १२ मिनिटे उशिरा हलले आणि तरी मोपाला ७ मिनिटे आधी लागले. भरून निघालेल्या या १९ मिनिटांतली ६ वाऱ्याची, बाकीची छापील वेळेतल्या सैलपणाची. विमानतळावरचे पालक म्हणाले होते ते हेच.

पासावर खाली आणखी एक ओळ होती, आम्ही न मागितलेली: 'सूर्य उजवीकडे समोर. बराच वेळ मावळेना.' ही ओळ मी वर्गात दोनदा वाचली. कोलकाता आणि मोपा यांच्यात रेखांशांचे साडेचौदा अंश आहेत, सूर्याची ५८ मिनिटे. विमान पश्चिमेकडे पळत होते, म्हणून संध्याकाळ त्याला उशिरा गाठत होती. मुलीने ते वाक्य गणिताच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले आणि खाली ५८ लिहून चौकट केली.

उद्या माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचे, सामान आणायला सगळेच जाणार. शाळेला सुट्टी.

१७ सप्टेंबर

सुट्टीनंतर तक्ता करायला घेतला. वर दोरा, त्याखाली २५४१, त्याखाली चार वेळांचा कागद, मूळचा, पेन्सिलीचा. एका गटाला तो स्वच्छ टंकून लावायचा होता. बाकीच्यांनी नको म्हटले, मलाही तो आहे तसाच हवा आहे.

वडील रविवारी परत जातात. पूर्वेकडचा प्रवास, अजून पूर्वेचाच वारा, म्हणजे या वेळी तो समोरून. मुलांचा अंदाज: मोपा–कोलकाता हवेत २ तास २० मिनिटे. डिसेंबरात ते पुन्हा येण्या-जाण्याचे म्हणत आहेत, तेव्हा पश्चिमेचा जेट मोजता येईल. मुलीने जाड कागदावर चार-चार रकाने आखून दिले आहेत, दोन्ही वेळांसाठी, आणि एक रकाना जास्तीचा, वर 'सूर्य' असे लिहिलेला.